कॅमेऱ्याआधी गाणं: पहिल्या म्युझिक व्हिडिओच्या शूटची तयारी

आमचा पहिला म्युझिक व्हिडिओ आम्ही एका दिवसात शूट करून टाकला. कॅमेरा उसना पण चांगला, प्रकाश मनासारखा, आणि गाणारी मैत्रीण कॅमेऱ्यासमोर अशी खुलली की संध्याकाळी आम्ही स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. दोन दिवसांनी एडिटला बसलो. मुखडा जमला. पहिल्या अंतऱ्यात तिचे ओठ गाण्याच्या किंचित मागे पडले. दुसऱ्या अंतऱ्यात ओठ एका ओळीवर आणि आवाज पुढच्या ओळीवर.

झालं होतं असं की शूटवर आम्ही डेमो, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, वाजवला होता, आणि अंतिम मिक्स करताना संगीत करणाऱ्या मित्राने लय ९६ बीपीएमवरून (मिनिटाला ९६ मात्रा) ९८ केली होती. का, तर 'जरा उठाव येतो'. कानाला हा फरक जाणवतही नाही. पण २०० सेकंदांच्या गाण्यात शेवटापर्यंत तो ४ सेकंदांचा होतो, आणि ४ सेकंदांत एक अख्खी ओळ मावते. गाण्याचे सगळे शॉट पुन्हा घ्यावे लागले.

त्यानंतर आणखी चार व्हिडिओ केले. प्रत्येक वेळी चूक नवी होती, पण मुळाशी गेलं की तेच सापडायचं: आम्ही कॅमेऱ्याची तयारी करून जायचो, गाण्याची नाही. म्युझिक व्हिडिओच्या सेटवर घड्याळ एकच असतं आणि ते म्हणजे गाणं. शॉट किती लांब, माणूस कधी वळणार, कॅमेरा कधी थांबणार, हे सगळं तेच ठरवतं. पाच ते आठ जणांची टोळी, मागून आणलेला कॅमेरा किंवा नुसता फोन, हातात एक-दोन दिवस आणि जेमतेम पैसे, अशांसाठी हे लिहितोय.

१. गाणं पक्कं होईपर्यंत तारीख ठरवू नका

'गाणं तयार आहे' या वाक्यावर भरवसा ठेवू नका. संगीतकाराला तीन प्रश्न विचारा. लय बदलणार आहे का? एखादा भाग कापणार किंवा वाढवणार आहेस का? गायकाचा आवाज पुन्हा रेकॉर्ड होणार आहे का? तिन्हींना 'नाही' मिळालं तरच तारीख काढा. बेस थोडा कमी-जास्त करणं, शेवटचं मास्टरिंग (आवाजाची अखेरची सफाई), हे नंतर झालं तरी बिघडत नाही. गाण्याची लांबी आणि प्रत्येक शब्दाची जागा मात्र हलता कामा नये. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. तीच ओळ पुन्हा गायली की श्वास वेगळ्या जागी पडतो, एखादी हरकत लांबते, आणि क्लोजअपमध्ये ते लगेच उघडं पडतं.

फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये (आवाज न दाबलेली मोठी फाइल) मागा आणि सगळ्यांकडे तीच एक फाइल असू द्या. एमपीथ्री तयार होताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते, त्यामुळे शूटवर एमपीथ्री आणि एडिटमध्ये वेव्ह असं झालं की दोन्ही तंतोतंत बसत नाहीत. फाइलच्या नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल' या तिघांनी आजवर बरीच मैत्री तोडली आहे.

त्याच फाइलवरून प्लेबॅकची, म्हणजे सेटवर वाजवायची, प्रत बनवा. गाण्याच्या आधी लयीत आठ टिकटिक घाला, म्हणजे गायकाला कुठून उचलायचं ते कळतं. पूर्ण गाण्याबरोबर प्रत्येक भागाचे वेगळे तुकडेही करून ठेवा: मुखडा, पहिला अंतरा, दुसरा अंतरा, शेवट. प्रत्येक तुकडा त्या भागाच्या एक ओळ आधीपासून सुरू व्हायला हवा. माणूस थेट शब्दावर उडी मारू शकत नाही. त्याला धावपट्टी लागते.

२. गाणं कोणाचं आहे ते विचारा

गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ते विशिष्ट रेकॉर्डिंग. दुसऱ्याचं गाणं तुम्ही स्वतःच्या आवाजात गायलात तर ध्वनिमुद्रण तुमचं होतं, रचना तुमची होत नाही. आणि रचना चित्राला जोडायची तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते. 'आम्ही पैसे कमवत नाही' किंवा 'खाली मूळ कलाकाराचं नाव देऊ' यांपैकी कशानेही ती मिळाल्यासारखी होत नाही. व्हिडिओ यूट्यूबवर चढवलात की तिथली कंटेंट आयडी ही यंत्रणा तो आपोआप तपासते. जुळणी झाली तर व्हिडिओ अडतो, किंवा त्याच्या जाहिरातींचा पैसा हक्कदाराकडे जातो.

म्हणून पहिल्या व्हिडिओसाठी ओळखीतल्याच कुणाचं नवं गाणं घ्या. तेही तोंडी नको. गीतकार, संगीतकार आणि गायक या तिघांकडून 'या गाण्याचा वापर या व्हिडिओसाठी करायला हरकत नाही' असं एका पानावर सहीनिशी घ्या. गाण्यात इंटरनेटवरून उतरवलेला 'फुकट' बीट (तयार ताल-संगीत) असेल तर त्याच्या अटी वाचा. बऱ्याचदा फुकट म्हणजे फक्त ऐकायला किंवा सरावाला फुकट असतं.

३. गाण्याचा तक्ता बनवा

माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत जास्त उपयोगी पडणारा कागद हाच, आणि नवखे लोक नेमका हाच गाळतात. हेडफोन लावा, गाणं दहा वेळा ऐका आणि एका तक्त्यात उतरवा. रकाने पाच: वेळ, भाग, शब्द, वाद्यांत काय घडतंय, पडद्यावर काय दिसेल. पाचवा रकाना आत्ता रिकामा ठेवा.

साधारण असं दिसेल:

०:०० ते ०:१० – सुरुवात – शब्द नाहीत – फक्त गिटार
०:१० ते ०:३० – मुखडा – चार ओळी – ०:२० ला ढोलकी येते
०:३० ते ०:४० – मधलं संगीत – शब्द नाहीत – बासरी, शेवटच्या दोन मात्रा पूर्ण शांतता

'वाद्यांत काय घडतंय' हा रकाना आळस न करता भरा. ढोलकी जिथे येते तिथे काहीतरी बदलायला हवं. जिथे दोन मात्रा शांतता आहे तिथे प्रेक्षक श्वास रोखतो. ती जागा एखाद्या नजरेसाठी, दार उघडण्यासाठी, दिवा विझण्यासाठी राखून ठेवा. चांगल्या कल्पना मला तरी इथेच सापडल्या आहेत, कागदाकडे बघत डोकं खाजवून नाही.

आता थोडं गणित. लय ९६ असेल तर चार मात्रांना अडीच सेकंद लागतात. २०० सेकंदांच्या गाण्यात चार मात्रांची अशी ८० आवर्तनं बसतात. दर दोन आवर्तनांनी समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) कट घ्यायचा म्हटलं तर ४० शॉट लागतील. दर आवर्तनाला कट हवा असेल तर ८०. म्हणजे 'झटपट कट असलेला व्हिडिओ करू' या एका वाक्याने तुमचं काम दुप्पट होतं. शांत गाण्याला लांब शॉट शोभतात आणि ते कमी लागतात, पण तिथे गायकाला वीस सेकंद सलग चेहरा सांभाळता आला पाहिजे. आपल्याकडे काय आहे, बरेच शॉट घ्यायला वेळ की चेहरा धरून ठेवणारा माणूस, हे इथेच ओळखा.

४. कल्पना एका पानात बसवा

म्युझिक व्हिडिओचे ढोबळ तीन प्रकार: गाणारा गाताना दिसतो, गोष्ट घडते, किंवा एखादी दृश्यकल्पना शेवटपर्यंत खेळवली जाते. विद्यार्थ्यांना गोष्टीचा मोह फार. प्रेम, गैरसमज, अपघात, दहा वर्षांनंतरची भेट, सगळं साडेतीन मिनिटांत. संवाद नाहीत, त्यामुळे गैरसमज कशाचा हे प्रेक्षकाला कळत नाही. आणि दहा वर्षं दाखवायला आपल्याकडे असते फक्त पावडर लावून पांढरी केलेली दाढी.

माझा सल्ला: गोष्ट हवीच असेल तर एकाच घटनेची ठेवा, आणि निम्मा व्हिडिओ गाणाऱ्यावर बेता. तो विमा आहे. गोष्टीचा एखादा शॉट फसला, पाऊस आला, नट आलाच नाही, तरी तेवढी जागा गाणारा चेहरा भरून काढतो.

एका पानात लिहा: कोण, कुठे, काय करतं, सुरुवातीला काय असतं, शेवटी काय बदललेलं असतं, रंग कोणते. मग तक्त्यातला पाचवा रकाना भरा. चित्र काढता येत नसेल तर मित्राला उभं करून फोनवर शॉटचे फोटो काढा आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यावर ओळीने लावा. हे काम एका दुपारचं आहे. ते बघताना ज्या वीस सेकंदांत तुम्हाला स्वतःलाच कंटाळा येईल, तिथे कल्पना कमी पडते आहे. ते शूटच्या आधी कळलेलं बरं.

चौकट कुठली, हेही आत्ताच ठरवा. आडवा १६:९ आणि फोनसाठी उभा ९:१६ असे दोन्ही हवे असतील तर ४के मध्ये शूट करा. ३८४० बाय २१६० च्या चित्रातून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला तर १२१५ पिक्सेल रुंदी मिळते, आणि उभ्या एचडीला १०८० पुरते. मात्र त्यासाठी गायक शॉटच्या मध्यात असायला हवा, म्हणजे मॉनिटरवर चिकटपट्टीने उभ्या चौकटीच्या कडांच्या दोन रेघा मारून ठेवाव्या लागतील.

५. जागा बघायला त्याच वेळी जा

शूट सकाळी सातला असेल तर जागा सकाळी सातलाच बघा. दुपारी बघितलेली गच्ची सकाळी शेजारच्या इमारतीच्या सावलीत असू शकते. आम्ही एक सुंदर गल्ली सुट्टीच्या दिवशी बघून आलो आणि शूटला गेलो कामाच्या दिवशी. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या होत्या.

तिथे गेल्यावर विचारायचे प्रश्न: सूर्य कुठून कुठे जातो, विजेचे प्लग किती आणि किती लांब, कपडे बदलायला आडोसा आहे का, स्वच्छतागृह कुठे, सामान ठेवायला कुलूप लागेल अशी खोली आहे का. आणि मोठ्या आवाजात गाणं वाजवलेलं चालेल का? हा शेवटचा प्रश्न आम्ही एकदा विचारला नव्हता. परवानगी होती, पण ती 'शूटिंग'ची होती. तेच गाणं चाळीस वेळा ऐकण्याची नव्हती. तासाभरात शेजारी खाली आले, आणि खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हती.

परवानगी लेखी घ्या, त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि मोठ्या आवाजाचा उल्लेख असू द्या. सार्वजनिक जागेचे आणि ड्रोनचे नियम सगळीकडे वेगवेगळे असतात. तुमच्या गावचे शोधा आणि छापून जवळ ठेवा. खोटं हत्यार, मारामारी, धूर असं काही उघड्यावर करणार असाल तर आसपासच्या लोकांना आणि पोलिसांना आधी कळवा. लांबून बघणाऱ्याला कॅमेरा दिसत नाही, हत्यार दिसतं.

६. शॉट लिस्ट गाण्याच्या क्रमाने नको

तक्ता गाण्याच्या क्रमाने असतो, शॉट लिस्ट जागेच्या आणि प्रकाशाच्या क्रमाने. एका जागेचे सगळे शॉट एकत्र करा. त्यातही एका बाजूला बघणारे सगळे आधी, मग कॅमेरा फिरवून दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक शॉटपुढे तक्त्यातली वेळ लिहा, म्हणजे प्लेबॅकवाल्याला कुठून वाजवायचं ते विचारावं लागत नाही.

दहा तासांचा दिवस धरा. सुरुवातीच्या मांडणीला एक तास, जेवणाला एक, जागा बदलायला आणि कपडे बदलायला एक. उरले सात. एका मांडणीला, म्हणजे एका शॉटसाठी कॅमेरा आणि दिवे लावून तो घ्यायला, नवख्यांना वीस ते पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला सतरा ते एकवीस. यादीत पस्तीस असतील तर पंधरा आजच खोडा. शूटच्या दिवशी सूर्य ती खोडेलच, पण नेमकी महत्त्वाची खोडेल. जे शॉट नसतील तर व्हिडिओच उभा राहणार नाही त्यांच्यापुढे चांदणी काढा आणि ते दिवसाच्या पहिल्या भागात ठेवा.

७. कोण काय करणार

कमीत कमी सहा कामं वाटून द्या: दिग्दर्शन, कॅमेरा, प्रकाश, प्लेबॅक, कपडे आणि सातत्य (प्रत्येक शॉटमध्ये कपडे-वस्तू तशाच राहणं), आणि वेळ बघणारा. माणसं कमी असतील तर प्रकाश आणि कॅमेरा एकाकडे चालतो. दिग्दर्शकाने वेळही बघायची हे अजिबात चालत नाही; त्याला प्रत्येक टेक 'अजून एकदा' हवा असतो. वेळ बघणारा माणूस जरा उद्धट असलेला बरा. गायकाकडे त्या दिवशी गाण्याशिवाय दुसरं कुठलंही काम देऊ नका, अगदी पाणी आणायचंही.

८. कॅमेऱ्याची चार कुलपं

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच ठेवा, २४, २५ किंवा ३०, जो ठरेल तो. फोनवर शूट करणार असाल तर एक छुपा सापळा लक्षात ठेवा: बरेच फोन फ्रेम रेट आपल्या मनाने थोडा कमी-जास्त करतात. मग सुरुवातीला जुळलेले ओठ मिनिटभराने सरकतात आणि तुम्ही गायकाला दोष देत बसता. फ्रेम रेट स्थिर ठेवणारं ॲप वापरा आणि आधी पूर्ण गाण्याचा एक टेक घेऊन तपासा.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते, दिव्यांशी जुळवा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे १/५० किंवा १/१००, जिथे ६० ची आहे तिथे १/६० किंवा १/१२०. नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी चित्रात फडफडतात, आणि एडिटमध्ये ते काढणं फार किचकट.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि एक्स्पोजर (चित्रातला उजेड) ऑटोवर ठेवू नका. एकाच ओळीत चेहरा पिवळा होऊन पुन्हा निळा झालेला आम्ही बघितला आहे. आणि लॉग प्रोफाइल (फिके रंग रेकॉर्ड करून ते नंतर दुरुस्त करायची सेटिंग) 'सिनेमासारखं दिसतं' म्हणून पहिल्यांदाच शूटच्या दिवशी लावू नका. रंग दुरुस्त करता येतात की नाही ते घरी करून बघा.

कार्डाचा हिशेब: सेकंदाला १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला ताशी साधारण ४५ जीबी लागतात. गाण्याचे पूर्ण टेक घेताना कार्ड अंदाजापेक्षा लवकर भरतं.

शेवटची धोक्याची सूचना: स्टेजवरच्या लेझरचा किरण थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. उसन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हे वाक्य दोनदा वाचा. झपाट्याने लुकलुकणारे दिवे वापरणार असाल तर सेटवर कुणाला फिट येण्याचा त्रास आहे का ते आधी विचारा, आणि व्हिडिओच्या सुरुवातीलाही तशी सूचना टाका.

९. प्लेबॅक: इथेच शूट तरतं किंवा बुडतं

प्लेबॅक म्हणजे सेटवर गाणं वाजवणं. 'फोनवर लावू की' असं म्हणणारा एक जण प्रत्येक टोळीत असतो. फोनचा आवाज दहा पावलांवर ऐकू येत नाही, आणि गाणं ऐकू न येणारा गायक अंदाजाने ओठ हलवतो. मोठा स्पीकर आणा आणि तो वायरने जोडा. ब्लूटूथची जोडणी मध्येच तुटते, आणि दोन ब्लूटूथ स्पीकर लावले तर ते एकमेकांच्या मागेपुढे वाजू शकतात. गाणं ज्या फोनवरून वाजणार तो फ्लाइट मोडवर टाका. आमच्या सर्वांत सुंदर टेकमध्ये अंतऱ्याच्या मध्यावर कुणाच्या तरी आईचा फोन आला होता.

कॅमेऱ्याचा माइक बंद करू नका. तो खराब आवाज व्हिडिओत जाणार नाही, पण एडिटमध्ये गाणं जुळवायला तोच लागतो. सॉफ्टवेअर दोन्ही आवाजांच्या लाटा बघून आपोआप जुळवतं. फक्त तो फाटलेला नको. पातळी थोडी खाली ठेवा.

आता एक गंमत, जी आम्हाला मोकळ्या मैदानात कळली. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज सुमारे १४ मीटर पुढे सरकतो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गायक ६० मीटर लांब असेल तर त्याला गाणं चार फ्रेम उशिरा ऐकू येतं आणि ओठही चार फ्रेम उशिरा हलतात. तो बिचारा बरोबरच गात असतो. लांबच्या शॉटचं अंतर वहीत लिहून ठेवा आणि एडिटमध्ये तेवढ्या फ्रेम सरकवा.

गायकाने खरंच गायला हवं, मोठ्याने. नुसते ओठ हलवले की मान सैल राहते, छाती हलत नाही, आणि प्रेक्षकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता आलं नाही तरी खटकतं. आवाज बसायची भीती असेल तर सूर सोडा, जोर सोडू नका. शब्द पाठ हवेत हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगतो. स्वतःच लिहिलेलं, स्वतःच गायलेलं गाणं कॅमेऱ्यासमोर विसरणारे आम्ही पाहिले आहेत. एक आठवडा आधीपासून रोज आरशासमोर, अंतिम फाइलवर, रेकॉर्डिंगमधल्या नेमक्या हरकतींसकट म्हणायला लावा.

संथ गतीत गाताना दाखवायचं असेल तर गाणंच दुप्पट वेगाने वाजवायचं. २५ च्या व्हिडिओसाठी ५० फ्रेमने शूट करा, गायक दुप्पट वेगाच्या गाण्यावर गाईल, आणि एडिटमध्ये गती निम्मी केली की ओठ मूळ गाण्यावर बसतात, केस आणि कपडे मात्र तरंगतात. दुप्पट वेगाची फाइल घरीच बनवा आणि सराव करून घ्या. पहिल्यांदा ऐकल्यावर सगळा सेट हसत सुटतो आणि पंधरा मिनिटं जातात. शब्दांची गर्दी असलेल्या ओळींना हे जमत नाही, लांब सुरांच्या ओळी निवडा. याच्या उलटही होतं: गाणं निम्म्या वेगाने वाजवा, एडिटमध्ये दुप्पट करा. गाणारा सावकाश, नीट गातोय आणि मागची गर्दी पळतेय असं दिसतं.

प्रत्येक जागी आधी पूर्ण गाणं एकदा लांबून आणि एकदा जवळून सलग घ्या. मगच तुकडे. पुढे काहीही फिसकटलं तरी या दोन टेकवर व्हिडिओ उभा राहतो.

१०. कपडे

बारीक रेघा आणि बारीक चौकड्या टाळा, चित्रात त्या वळवळतात. मोठी अक्षरं आणि कंपन्यांची चिन्हं असलेले कपडे टाळा. मुख्य कपड्याची दुसरी जोडी असेल तर उत्तम. प्रत्येक मांडणीनंतर गायकाचा समोरून, मागून आणि हातांचा फोटो घ्या. घड्याळ कुठल्या हातात होतं यावर एडिटच्या टेबलावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

११. कागदांची फाइल

– गीतकार, संगीतकार, गायक यांची संमती
– पडद्यावर ओळखू येईल अशा प्रत्येकाची संमती. अल्पवयीन असेल तर पालकांची सही
– जागेची लेखी परवानगी
– कॅमेरा किंवा सामान ज्यांचं आहे त्यांचं पत्र, नगांची यादी आणि आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे फोटो
– गाण्याचा तक्ता, शॉट लिस्ट, छापलेले शब्द
– कॉल शीट: कोण, कुठे, किती वाजता, काय घेऊन, जवळचा दवाखाना कुठे

कॉल शीट आदल्या संध्याकाळी सगळ्यांना पाठवा आणि प्रत्येकाकडून 'मिळालं' असं उत्तर घ्या. निळ्या खुणा म्हणजे उत्तर नव्हे. कॅमेरा-प्रकाशवाल्यांना आणि मेकअप लागणाऱ्यांना लवकरची वेळ द्या, बाकीच्यांना नंतरची. सगळ्यांना सातला बोलावलं की निम्मे लोक दहापर्यंत नुसते बसतात, आणि बसलेली माणसं दुपारपर्यंत चिडलेली असतात.

खर्चाच्या यादीत प्रवास, जेवण आणि पाणी आधी लिहा, भाडं नंतर. फुकट आलेल्या मित्रांना उपाशी ठेवलं तर पुढच्या शूटला ते येत नाहीत. आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा कशालाही न लावता बाजूला ठेवा. तुटलेली केबल आणि चुकलेली बस तोच भागवतो.

१२. आदल्या रात्रीची पिशवी

सगळ्या बॅटऱ्या चार्ज. कार्डं रिकामी आणि त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट केलेली, पण जुना डेटा दुसरीकडे उतरल्याची खात्री करूनच. ट्रायपॉड आणि त्याची वरची प्लेट (ती नेहमी दुसऱ्या कॅमेऱ्याला लागलेली असते). पांढरा मोठा पुठ्ठा किंवा थर्माकोल, प्रकाश परतवायला. लांब एक्स्टेन्शन बोर्ड, जाड चिकटपट्टी, कपड्यांचे चिमटे, सेफ्टी पिना, टिश्यू, लेन्स पुसायचा कपडा. उन्हात शूट असेल तर एनडी फिल्टर (लेन्समध्ये जाणारा उजेड कमी करणारी काच). स्पीकर, त्याची वायर आणि अजून एक वायर. गाणं दोन वेगवेगळ्या यंत्रांवर. लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क. प्रथमोपचाराची पेटी. जमिनीवरून जाणारी प्रत्येक वायर चिकटपट्टीने दाबायची आहे, त्यामुळे पट्टी वाटते त्यापेक्षा जास्त घ्या.

१३. पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास

सेटवर पोहोचल्यावर पहिला टेक चाचणीचा घ्या: गायक, पूर्ण मुखडा, प्लेबॅक. तो लगेच लॅपटॉपवर उतरवा आणि अंतिम गाण्यावर लावून बघा. ओठ बसतात का, दिवे फडफडतात का, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये गाणं आलंय का. दहा मिनिटं लागतात. आमच्या पहिल्या शूटला हे केलं असतं तर ९६ आणि ९८ चा घोळ सकाळी साडेसातलाच कळला असता.

दुपारच्या सुट्टीत सकाळची कार्डं उतरवा. संध्याकाळी सामान आवरण्याआधी उरलेली उतरवा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि प्रत्येक कार्डावरचे दोन-चार टेक उघडून शेवटपर्यंत चालतात का ते बघा. नुसती फाइलची नावं दिसली म्हणजे ती चालतेच असं नाही. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत घालू नका, एक कॅमेरावाल्याने घरी न्यायची आणि एक दिग्दर्शकाने. उतरवलेल्या कार्डावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. एडिट संपेपर्यंत ती कार्डं कुणाला उसनी द्यायची नाहीत, कॅमेरा ज्याचा आहे त्यालासुद्धा.